खडकीत राहिलेली कुलपं

सोलापूरहून पुण्याला जायला पाच तास लागतात. वाटेत काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते मी लिहीत नाही. मी कशासाठी गेले होते ते मात्र आधी सांगायला हवं, कारण पुण्यात ज्याला ज्याला ते सांगितलं, त्याने ते दोनदा विचारून घेतलं.

आमच्या घरासमोर एक जुना ट्रक उभा असतो. लांब नाकाचा, लष्कराच्या लिलावातून आजोबांनी घेतलेला. आजोबांनंतर तो वीटभट्टीवर कित्येक वर्षं पडून होता. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, तो ओढून घरी आणला आणि सुट्टीच्या दिवशी एकेक करत दुरुस्त केला. इंजिन चालू झालं, रंग झाला, राहिली ती दारं. दोन्ही दारांची कुलपं काढून त्याने पुण्याला नेली, कारण त्यांच्या किल्ल्या कधीच हरवल्या होत्या. ‘खडकीत एक माणूस आहे, तो करतो,’ एवढंच तो जेवताना म्हणाला होता. त्यानंतर महिन्याभरात हायवेवर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. त्याला आता वर्ष उलटून गेलं.

तेव्हापासून ट्रकची दारं दोरीने बांधलेली होती. डिसेंबरच्या शेवटी शेजारचा सहा वर्षांचा मुलगा दोरी सोडून आत चढला आणि त्याने हँडब्रेक खाली केला. ट्रक दोन हात पुढे जाऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकला. कुणाला लागलं नाही, पण त्या मुलाची आई आमच्या पायरीवर बसून रडली. त्याच संध्याकाळी बाबांनी भंगारवाल्याला फोन केला. तो पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी येणार होता.

“दारं बंद होत नसतील तर गाडी रस्त्यात ठेवता येणार नाही,” बाबा म्हणाले.

“मी लॉक आणते. किल्ल्या करून,” मी म्हणाले.

“कुठून?”

“खडकीहून.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात सुटे पैसे मागायचे असले तरी मी आईला पुढे करते, हे त्यांना ठाऊक आहे. “बघ,” ते म्हणाले. मी बघेपर्यंत तो रविवार तीन दिवसांवर आला.

गुरुवार, सदाशिव पेठ

सदाशिव पेठेत खोल्या ‘कॉट बेसिस’वर मिळतात. म्हणजे खोली नव्हे, एक पलंग भाड्याने घ्यायचा. बाकीच्या पलंगांवर स्पर्धा परीक्षांच्या मुली असतात आणि त्या कुणाशी फारसं बोलत नाहीत. मला ही सोय आवडली.

मालकीणबाई जोगकाकू वहीत नाव लिहून घेत होत्या.

“किती दिवस?”

“तीन.”

“तीन दिवस म्हणजे रात्री किती?”

“आज, उद्या. शनिवारी संध्याकाळी जाणार.”

“म्हणजे दोन. मग दोन म्हणा ना. मी तीन लिहिले असते.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “एकट्याच आलात? बरोबर भाऊबिऊ कोणी?”

मी म्हणाले, “तो इथे नसतो.”

“अमेरिका?”

माझी मान हलली असावी.

“आमचाही तिथेच. न्यू जर्सी.” त्यांनी वही मिटली आणि आत जाऊन चहा आणला. नंतर कळलं की कॉटवाल्यांना त्या चहा देत नाहीत.

मला तेव्हा हे कळलं नव्हतं की या पेठेत ‘तो इथे नसतो’ या वाक्याचा एकच अर्थ आहे. आमच्या सोलापुरात तसं कुणी म्हटलं असतं तर मुंबई, सुरत, काहीही झालं असतं. इथे समोरच्या घरातल्या, वरच्या घरातल्या, सगळ्यांच्याच घरातलं कुणीतरी इथे नसतं. मी चहा प्यायले. कप ठेवेपर्यंत मला अमेरिकेत एक भाऊ होता, आणि मी ते खोडून काढलं नाही.

दुपारी किल्ल्यांची दुकानं शोधत निघाले. एका जिन्याखाली काचेच्या टपरीत एक गृहस्थ मशीनवर किल्ल्या कापत होते. मी तीन गिऱ्हाइकं जाऊ दिली, मग पुढे झाले.

“जुन्या ट्रकच्या दाराच्या किल्ल्या करायच्या आहेत.”

“ट्रक कुठे लावलाय?”

“सोलापूरला.”

“मग किल्ली सोलापूरला करा.”

“कुलपं खडकीत आहेत.”

त्यांनी मशीन बंद केलं. “गाडी सोलापुरात, कुलूप खडकीत आणि तुम्ही सदाशिव पेठेत. सगळे एकत्र आलात की कळवा.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण रविवार डोळ्यासमोर होता. मी तशीच उभी राहिले. बहुधा माझ्या उभं राहण्यामुळेच त्यांनी पुन्हा वर बघितलं.

“कुणाकडे दिलीत खडकीत?”

“नाव माहीत नाही.”

“आडनाव?”

“तेही नाही.”

“वा.” त्यांनी कापलेली किल्ली फुंकली. “जुन्या गाड्यांची कामं करणारा खडकीत एकच आहे. शिंगटे. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत टूलरूमला होते. बाजारात पिठाच्या गिरणीच्या मागे. पाटी नाही. त्यांना माझं नाव सांगू नका, उपयोग होणार नाही.”

रात्री मेसमध्ये जेवले. आमटी गोड होती. आमच्याकडे ताटात आधी शेंगाचटणी येते आणि मग बाकीचं काय असेल ते. इथे चटणी मागितली तर वाढप्याने विचारलं, “संपली का?” मी म्हणाले, “वाढलीच नाही.” तो म्हणाला, “मग संपली असेल.”

शुक्रवार, खडकी

शिवाजीनगरहून लोकलने खडकी पुढचंच स्टेशन. सकाळच्या त्या वेळी डब्यात जागा होती. उतरल्यावर शहर एकदम मागे पडल्यासारखं वाटतं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, भिंतींवर फोटो काढायला मनाई केल्याच्या पाट्या, आखल्यासारखी क्वार्टर्स. सायकलवरून डबा घेऊन कामाला निघालेली माणसंसुद्धा रस्त्याच्या डाव्या कडेने ओळीत जात होती.

गिरणीच्या मागे पत्र्याची शेड होती आणि तिला लागून दोन खोल्यांचं घर. शेडमध्ये सत्तरीपुढचे एक गृहस्थ कानस घासत बसले होते. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला एक कुलूप आणि पितळेचा गोल बिल्ला लटकत होता. तिसऱ्या रांगेत दोन कुलपं एकत्र बांधलेली दिसली. त्यांच्यावरच्या सुतळीची गाठ मी ओळखली. दादा गाठ तशीच मारायचा, एक वेढा जास्त घेऊन.

“ती आमची आहेत,” मी म्हणाले.

“बिल्ला?” शिंगटेकाकांनी हात पुढे केला.

माझ्याकडे बिल्ला नव्हता. त्यांनी मला त्यांची पद्धत समजावून सांगितली. फॅक्टरीत टूलरूममधून हत्यार घ्यायचं तर आपला बिल्ला खिळ्याला अडकवून घ्यायचं. हत्यार परत आलं की बिल्ला परत. इथे त्यांनी तेच चालू ठेवलं होतं. प्रत्येक नंबरचे दोन बिल्ले, एक कुलपाला, एक गिऱ्हाइकाला. बिल्ला नसेल तर ज्याने कुलूप दिलं तो स्वतः समोर हवा.

“कुलूप दुसऱ्याच्या हातात दिलं तर चालंल एकवेळ,” ते म्हणाले. “किल्ली न्हाई. किल्ली म्हंजे घर दिल्यासारखं हाय. कोण दिलेलं कुलूप?”

“माझ्या भावाने. सोलापूरचा.”

“सोलापूर.” त्यांनी कानस खाली ठेवली. “मग त्यांनाच पाठवा की. महिन्यात येतो म्हणाले, वरीस झालं. मी एक गोष्ट विचारलेली त्यांना, तिचंबी उत्तर न्हाई. फोन लावला तर लागत न्हाई.”

“काय विचारलं होतं?”

“दोन्ही कुलपं येगळ्या गाड्यांची हायती. एक मूळचं, एक कुणीतरी मागनं बसवलेलं. दोन्हीला एकच किल्ली चालवायची का दोन करायच्या? एक करायची तर एका कुलपाच्या आतल्या पत्र्या घासाव्या लागत्यात. घासल्या की परत मूळचं होत न्हाई. घरी इचारून सांगतो म्हणाले.” मग त्यांनी विचारलं, “कुठं हायत ते?”

आदल्या दिवशीचं वाक्य तयारच होतं. “तो इथे नसतो,” मी म्हणाले.

“अमेरिका का?”

“हं.”

“तरीच.” ते उठून कुलपं काढतील असं मला वाटलं. पण त्यांनी कानस पुन्हा उचलली. “तिकडं आता रात्र असंल. त्यांना जागं राहायला सांगून ठेवा, उद्या सकाळी या आन माझ्यासमोर फोन लावा. तोंड दिसतं त्यात, तसला. ते हो म्हणाले की बारा वाजेपर्यंत बसून दोन्ही देतो करून.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बाजूच्या खोलीच्या दारात शिंगटेकाकू तांदूळ निवडत होत्या, त्यांनीही मान वर केली. मी म्हणाले, “डाव्या दाराचं तरी आज…”

“गाडीला डावं-उजवं नसतं, ताई. समोरनं बघितलं की उलटं होतं. ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड.” ते कामाकडे वळले. “पुण्यात आलाय तर धरण बघून या. आमचं गाव तिकडंच, खडकवासल्याच्या अलीकडं. हितं बसून काय करणार?”

शुक्रवार दुपार, खडकवासला

खोलीवर जोगकाकूंनी भावाचं विचारलं असतं, म्हणून स्वारगेटहून बसने धरणावरच गेले.

जानेवारीत धरणाचं पाणी शांत असतं. रस्त्याच्या कडेने हातगाड्या लागलेल्या होत्या. मी भाजलेलं कणीस घेतलं. बाईने लिंबू फिरवताना विचारलं, “तिखट किती?” मी म्हणाले, “सोलापूरइतकं.” ती हसली आणि तिने खरंच तेवढं लावलं. मागच्या लष्करी अकादमीतली काही मुलं सायकली हातात धरून सावलीत उभी होती, एकसारखे केस कापलेली. दादाने शाळेत असताना तिथला फॉर्म भरला होता. डोळ्यांच्या नंबरामुळे जमलं नाही.

मी कठड्याजवळ बसून उद्याचं वाक्य जमवत होते. गेल्या वर्षभरात ते मी बँकेत बोलले होते, विम्याच्या ऑफिसात बोलले होते, दादाच्या कंपनीत बोलले होते. सगळीकडे इंग्रजीत. इंग्रजीत मी शाळेपासून बोलत आले आहे. परीक्षेत लिहिल्यासारखं बोलून मोकळं होता येतं. मराठीत मला ते कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर आई-बाबा बोलत होते.

‘वारला’ आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना म्हणतात. ‘गेला’ म्हटलं की शिंगटेकाका ‘कुठं’ म्हणून विचारणार. ‘आता नाहीये’ म्हटलं तर पुन्हा अमेरिका. आमचे सगळे नातेवाईक ‘एक्स्पायर झाला’ म्हणतात. तो शब्द दुधाच्या पिशवीवर असतो, म्हणून मला तो सहन होत नाही. राहिला तो एकच शब्द, आणि तो माणसाबद्दल वापरत नाहीत, रागात सोडून. मी तो पाण्याकडे तोंड करून हळूच म्हणून बघितला. कणीसवालीने मागून विचारलं, “काही म्हणालात का?”

“नाही.”

परतीच्या बसला दीड तास लागला. बाबांचा फोन आला. “मिळालं का?”

“उद्या.”

“भंगारवाला दहाला येतोय परवा,” ते म्हणाले. “गॅसकटर घेऊन येतो म्हणाला.”

शनिवार, खडकी

मी नऊला पोचले. शिंगटेकाकांनी स्टूल पुढे केलं होतं आणि स्वतः स्वच्छ शर्ट घातला होता. फोनवर तोंड दिसणार म्हणून घातला असणार, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

“लावा.”

“लावता येत नाही.”

“का? नंबर न्हाई?”

“दादा मेला,” मी म्हणाले.

माझा आवाज हवा त्यापेक्षा मोठा आला. काकू हातात कपबशा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. “अगं, असं म्हणू नये, बाळ,” त्या म्हणाल्या.

“म्हणू दे तिला,” काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “कधी?”

“इथे कुलपं देऊन गेला, त्यानंतर महिन्याभरात. हायवेवर.”

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. शेडमध्ये गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता. काकूंनी चहा माझ्या हातात दिला आणि त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या.

“वरीसभर मी त्याला शिव्या घालतोय,” काका म्हणाले. “इचार हिला. कुलपं साफ करायला काढली की घालायचो. पोरगं कुलपं टाकून गेलं, फोन उचलत न्हाई, कसली ही माणसं. काल तू गेल्यावरबी घातल्या. अमेरिकेत जाऊन बसला म्हणून जास्तीच्या.”

मी कप खाली ठेवला.

“काल का न्हाई सांगितलंस?”

“तुम्ही अमेरिका म्हणालात. मी हं म्हणाले.”

“हं म्हणाली,” ते काकूंकडे बघून म्हणाले. मग उठले, खिळ्यावरून कुलपं काढली आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. ती सुटेना. काकू विळी आणायला उठल्या तेव्हा मी हात पुढे केला आणि गाठ सोडवून दिली. जास्तीचा वेढा आधी उलटा काढावा लागतो.

पितळेचा बिल्ला त्यांनी तळहातावर घेतला. “फॅक्टरीत माणूस गेला की त्याचा नंबर लगेच दुसऱ्याला देत नव्हते,” ते म्हणाले, आणि बिल्ला त्यांनी खिळ्याला न लावता शर्टाच्या खिशात टाकला. “आता कुलपं कुणाची?”

“बाबांची. पण ते उद्या गाडी भंगारात देतायत. दारं बंद झाली नाहीत तर.”

“उद्या? आन काल तू धरण बघत बसलीस?”

“तुम्हीच जा म्हणालात.”

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“मग बोल,” काका म्हणाले. “एक का दोन?”

बाबांना फोन करावा असं आधी मनात आलं. पण त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ‘राहू दे आता.’ मी कुलपं हातात घेतली. मूळचं जड होतं, त्याच्यावरचं निकल उडालं होतं. दुसरं हलकं. एकाला दुसऱ्यासारखं करायचं म्हणजे दोघांपैकी एकाचं आतलं घासून टाकायचं.

“घासू नका,” मी म्हणाले. “दोन करा.”

अशा कुलपांच्या कोऱ्या किल्ल्या बाजारात मिळत नाहीत. काकांनी पितळेच्या पट्टीतून त्या कापल्या. मग दिव्याच्या ज्योतीवर पट्टी धरून तिच्यावर काजळी बसवली, ती कुलपात घातली, ताणली आणि बाहेर काढली. आतल्या पत्र्या जिथे अडतात तिथे काजळी पुसली जाते आणि पितळेचा बारीक ठिपका चमकतो. तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा काजळी, पुन्हा आत. ठिपके येईनासे झाले की किल्ली झाली.

त्यांचे हात काम जाणत होते, पण नजर राहिली नव्हती. म्हणूनही ही कुलपं मागे पडली असतील. दहा-बारा वेळा झाल्यावर त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. “कुठं चमकतंय?”

“टोकापासून तिसऱ्या जागी. आणि पाचव्या जागी थोडंसं.”

“थोडंसं म्हंजे?”

“सुईच्या टोकाएवढं.”

“ते सोड. तिसरं सांग.”

तसे आम्ही दिवसभर बसलो. ते घासत होते, मी सांगत होते. ड्रायव्हर साइडची किल्ली साडेअकराला फिरली. तिचा आवाज फार लहान होता, चमचा बशीत ठेवल्याएवढा. क्लीनर साइडची मात्र अडून बसली. दुपारी काकूंनी बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी दिली आणि ताटात न मागता हिरवा ठेचा वाढला. “सोलापूरची ना तू,” त्या म्हणाल्या. जेवताना कुणी दादाबद्दल बोललं नाही. काकांनी फक्त एकदा विचारलं, “इंजिन चालू केलं होतं म्हणतो तो. खरं?”

“खरं. अर्ध्या गल्लीत धूर झाला होता.”

ते खूश झाले.

चार वाजता मी एक ठिपका चुकीचा सांगितला. चौथ्या जागेचा, जो सावलीमुळे दिसला होता. त्यांनी घासलं आणि पट्टी वाया गेली. मला रडू आलं. त्यांनी दुसरी पट्टी कापायला घेतली आणि म्हणाले, “पाच जागा आपल्याला पाठ झाल्यात आता. हिला अर्धा तास लागंल.” अर्धाच तास लागला.

निघताना त्यांनी दोन्ही किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि बोटं मिटवली. “हातात फिरती तशी दारात लगेच फिरणार न्हाई. दार लटकलेलं असतं. बसवताना बाहेरनं एकानं कुलूप धरावं लागतं, आतनं एकानं अडकवायचं. एकटीनं करू नको, वाकडं बसंल.”

सहाची बस मिळाली.

रविवार, घर

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. वर्षभरात त्यांनी ट्रकला हात लावला नव्हता. अंगणात येताना ते त्याच्या पलीकडून वळसा घालून यायचे.

मी आत चढून ड्रायव्हर साइडचं दार ओढून घेतलं आणि म्हणाले, “बाबा, बाहेरून धरायला कुणीतरी लागतं.”

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग काचेबाहेर त्यांचा हात दिसला. त्यांनी कुलूप धरलं, मी आतून कडी सरकवली. पहिल्या खेपेला वाकडं बसलं. त्यांनी दार खांद्याने उचलून धरलं आणि ते जागेवर बसलं. दुसरं दार त्यांनी न सांगता धरलं. दोघांनी मिळून एकेक किल्ली दोनदोनदा फिरवून बघितली. बाबांच्या हाताला जुन्या रंगाचे कण लागले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

दहाला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, दाराचा दांडा ओढला. दार उघडलं नाही.

“साहेब, चावी द्या. आतलं बघतो.”

“किल्ल्या तिच्याकडे आहेत,” बाबा म्हणाले आणि पायरीवर बसले. “गाडीचं तिला विचारा.”

तो माझ्याकडे वळला. अनोळखी माणूस समोर आला की मी घरात जाते, आणि बाबांना ते माहीत आहे. ते पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

“काय ताई?”

“गाडी द्यायची नाही,” मी म्हणाले.

“फोनवर तर द्यायची म्हणाले होते.”

“तेव्हा दारं बंद होत नव्हती. आता होतात.”

त्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान वर केली नाही. मग तो टेम्पोत बसला. गल्ली अरुंद आहे आणि मागे गाडी काढायला तिथे जागा कमी पडते, म्हणून मी रस्त्यात जाऊन उभी राहिले आणि हात हलवून त्याला सांगत गेले, अजून, अजून, बस.